लेकीच्या खेळातलं दार

अण्णा, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. या वयात मी व्हिडिओ गेम खेळले हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता. सुट्टीत आलेल्या लेकीने तो बळेच हातात दिला. जिवाला घोर लावणारा खेळ. घरात आपण एकटे, बाहेरून एक बाई विनवते, "आत घ्या," आणि दार उघडायचं की नाही ते आपण ठरवायचं. मी पटकन कडी लावली. बाई रडली, नखांनी दार ओरबाडत राहिली, मग सगळं गप्प. लेक म्हणाली, "आई, लय भारी! पहिल्या वेळी सगळेच उघडतात. तुला कसं जमलं?" मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले. तीन दिवस झाले, बटण दाबलेलं बोट साबणाने धुतेय आणि तरी त्या हाताने घास घ्यायची किळस येते.

नामांतरावरून गावं पेटली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. भर दुपार. वस्तीकडून धूर येतोय, तुम्ही स्वयंपाकघरात जेवताय आणि मागच्या दारात वस्तीतली सुईण उभी आहे, कडेवर नातू घेऊन. माझी नाळ तिनेच कापलेली. बाळंतपणापुरती तिला आत घ्यायची, एरवी तिने उंबऱ्याला शिवायचं नाही, हा आपला रिवाज. त्या दिवशी तिने उंबऱ्यावर हात टेकला होता. "मालक, घरं जाळायलेत. लेकराला तेवढं आत घ्या, मी जाईन कुटंबी." दार लागलं. पोराचं रडणं गोठ्याच्या पलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होतं, आणि तुम्ही भाकरी संपवलीत. संध्याकाळी आईने उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलं. ती दोघं पूर्णेच्या वाटेने गेली म्हणे, गावात परत आली नाहीत. आठ दिवसांनी पाहुण्यांना तुम्ही सांगत होता, "आमच्या गावात काई झालं न्हाई." त्या बोलण्याची मला अजून शिसारी येते.

लग्नानंतर यांना मी ही हकीकत सांगितली, तेव्हा "दार अण्णांनी लावायला लावलं" असं म्हणाले. पुढेही प्रत्येकाला तेच सांगत आले. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, म्हणून इथे खरं लिहिते. तुम्ही काहीच म्हणाला नव्हता. हातात घास धरून, मी काय करते ते बघत होता. कडी मी आपणहून लावली. मग तुम्ही म्हणालात, "शाणी हायस." आणि अण्णा, मला लय आनंद झाला होता.