जावयाच्या सायकलीचा चिखल

१२ ऑक्टोबर, रविवार

आले एकदाचे जावई! आणि गेलेही. मधे फक्त अर्धा कप चहा — तोही दारात उभं राहून.

डोंगरापलीकडून सायकल मारत आले होते. ती जाड टायरची, डोंगरात फिरवतात ना, तसली सायकल. गुडघ्यापर्यंत चिखल! सायकल तर ओळखू येईना — रंग कुठला, चिखल कुठला. "आत या," म्हटलं, तर म्हणे, "पाय खराब आहेत." थोरली आतल्या खोलीत. दार बंद. महिना होत आला पोरीला घरी येऊन. का आलीस विचारलं की म्हणते, "काही नाही, बाबा." काही नाही म्हणजे काय? काही नाही म्हणून कुणी नवऱ्याला सोडून येतं का?

"सायकल इथे ठेवतो," म्हणाले. मला एकदम सुचलं! म्हटलं, "ठेवा ना. मी धुऊन ठेवतो. पुढच्या रविवारी या न्यायला." माझ्याकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "बरं." आणि बसने गेले.

डोकं आहे आपल्याला! आता रविवारी यावंच लागेल त्यांना. त्या दिवशी दोघांना समोरासमोर बसवतो. मिटलं तर तेव्हाच मिटेल, नाहीतर ही पोरगी अशीच आतल्या आत कुढत राहायची.

१३ ऑक्टोबर

धुतो म्हणालो खरा, पण कशाने धुवायची?

उभा जन्म लॉन्ड्रीत गेला माझा. कपडा आला की पहिला प्रश्न — कुणाचा? (नवरे बायकांचे कपडे आणतात आणि आपल्या नावावर टाकतात. मग घरी भांडणं, आणि शिव्या मला!) दुसरा प्रश्न — डाग कसला? चहा, शाई, रक्त, तेल, प्रत्येकाचं औषध वेगळं. चिखल तर सगळ्यांत सोपा. वाळू द्यायचा, ब्रशने झटकायचा, उरेल त्याला साबण. म्हणून सायकल दिवसभर उन्हात ठेवली.

संध्याकाळी सायकलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कपाळावर हात मारला. "वाळवलात? अहो काका, वाळलेला चिखल घासलात तर रंग ओरबाडून निघेल! आधी भिजवा." म्हणजे सगळं उलटंच!

मग त्याने समोर बाटल्याच मांडल्या. सांगाड्याला शॅम्पू. चेनचं ग्रीस काढायला एक लिक्विड. ग्रीस निघालं की परत लावायला तेल! म्हटलं, "काढायचं आणि परत लावायचं? मग काढायचं कशाला?" तो म्हणतो, "जुनं म्हणजे घाण काका, नवं म्हणजे वंगण." तेलातही ओल्या रस्त्याचं वेगळं, कोरड्याचं वेगळं. डोक्याचा पार भुगा झाला. काही न घेताच परत आलो.

१४ ऑक्टोबर

ज्याला विचारावं त्याचं वेगळंच! शेजारचा ड्रायव्हर म्हणतो, गाडीचा शॅम्पू आणा. भाऊ फोनवर म्हणाला, "रॉकेल. बाकी सगळी थेरं." आमची ही म्हणाली, "भांड्यांचा साबण लावा आणि मोकळे व्हा." जरा वेळाने म्हणाली, "पण मुळात धुताय कशाला?"

"कशाला म्हणजे? जावयाची सायकल आहे!"

"हं," म्हणाली आणि आत गेली. इतकी वर्षं संसार केला, पण हिचं 'हं' मला अजून कळलेलं नाही.

थोरली खिडकीतून बघत होती. "राहू द्या ना, बाबा. नका धुऊ." का नको? विचारलं तर डोळे भरून आले तिचे. चिखलावरून कुणी रडतं का? मी उगाच बादली विसळत बसलो.

१५ ऑक्टोबर

आपल्या लॉन्ड्रीत गर्दी. सायकलीला हातही लागला नाही. थोरली जेवली नाही.

१६ ऑक्टोबर

धुतली! शेवटी हिचंच ऐकलं. आधी भरपूर भिजवली, मग भांड्यांच्या साबणाचा फेस आणि मऊ ब्रश. निळी निघाली! काय सुंदर निळी. चेनसाठी मात्र ते लिक्विड आणलंच — काळं पाणी वाहिलं नुसतं, मोरी तुंबली आणि हिची बोलणी खाल्ली.

हँडलला एक काळं रबर गुंडाळलेलं होतं. कशाचं कोण जाणे. काहीतरी टेक्निकल असेल, म्हणून काढून धुतलं आणि होतं तस्संच परत गुंडाळलं. दुसऱ्याच्या वस्तूतलं इकडचं तिकडे करायचं नाही, हा आपला नियम. सीट मात्र फारच खाली आहे. जावई एवढे ताडमाड, गुडघे हनुवटीला लागत असतील की! असेल डोंगरात तशीच पद्धत. आपल्याला काय कळतंय त्यातलं?

मग चेनला तेल. चाकांच्या मधोमध पत्र्याच्या गोल चकत्या आहेत, भोकाभोकांच्या. त्या अगदी ठणठणीत कोरड्या दिसल्या. त्यांनाही चोळलं. कंजुषी कशाला? आरशासारख्या चमकल्या!

१७ ऑक्टोबर

थोडक्यात वाचलो!

सायकल दुकानदाराला दाखवायला निघालो. हौस, दुसरं काय. उतारावर नुसती हातात धरून चाललो होतो. ब्रेक दाबला — थांबेचना! पुढे सायकल, मागे मी, आणि कोपऱ्यावरची माणसं हसतायत. दुकानदार चकत्यांकडे बघून ओरडलाच. "तेल लावलंत? अहो, ब्रेक तिथेच तर लागतो!"

घाम फुटला मला. हीच सायकल घेऊन जावई डोंगर उतरले असते तर? जोडायला निघालो होतो आणि काय करून बसलो असतो! नको तो विचार.

त्याने ब्रेकचे पॅड बदलले, चकत्या स्पिरिटने पुसल्या. स्पिरिट! ते तर माझ्या दुकानात शाईच्या डागांसाठी बाटली भरून पडलंय. गावभर विचारत फिरलो आणि आपल्याच फळीवर बघितलं नाही. निघताना तो म्हणाला, "सीट वर घेऊ का जरा?" म्हटलं, "नको. ज्याची आहे त्याला त्याचं माप ठाऊक."

१८ ऑक्टोबर

उद्या.

काय बोलायचं ते मनात दहादा घोळवलं. "हे बघा, चूक कुणाची ते मी विचारत नाही. फक्त बोला एकमेकांशी." एवढंच बोलायचं. मग आमच्या हिला घेऊन बाहेर जायचं, फेरी मारून यायचं.

जेवताना थोरलीला सांगितलं, उद्या जावई येणार. ती म्हणाली, "तो कशाला येईल?"

"अगं, सायकल न्यायला!"

घास हातातच राहिला तिचा. माझ्याकडे नुसती बघत राहिली, गेल्या रविवारी जावई बघत होते ना, अगदी तशी. मग म्हणाली, "बरं." दोघांचं 'बरं'सुद्धा एकसारखं! असं असताना ही माणसं भांडतात कशाला?

१९ ऑक्टोबर, रविवार

वाट पाहून पाहून शेवटी मीच फोन केला. "सायकल चकाचक झालीय! कधी येताय न्यायला?"

"न्यायला?" जावई म्हणाले. मग म्हणाले, "बाबा, ती तिचीच सायकल आहे. तिने मागितली, म्हणून आणून दिली."

कपडा कुणाचा — हे विचारायला आजवर कधी विसरलो नव्हतो.

थोरली मागच्या दारी आली. हँडलचं काळं रबर काढलं आणि त्याने केस बांधले. म्हणाली, "चिखल छान निघालाय, बाबा."