तोत्राजच्या बागेतल्या चिलखती गाड्या

१२ मे, सकाळी ९
आज पहाटे उठून वास्तिर्जीपुढे मेणबत्ती लावली. आम्हा पुरुषांचा रखवाला संत तो. संरक्षणमंत्र्याचा तर विशेष. मग ऑफिसात जाऊन आदेशावर सही केली: कमांडर तोत्राजने स्वतःच्या बागेत ठेवलेल्या तीन चिलखती गाड्या ९ जूनच्या परेडआधी मंत्रालयाच्या आवारात आणाव्यात. उर्सदोन प्रजासत्ताकाकडे एकूण गाड्या तीनच. अध्यक्ष म्हणाले, नाही आल्या तर तू घरी जा. येतील म्हटलं. निश्चय: तोत्राजशी कडक बोलायचं.

१४ मे
तोत्राज आला. माझ्याच गावचा, चार वर्षांनी मोठा. मोठा माणूस आला की उभं राहायचं, ही आमची रीत. राहिलो. तो माझ्या खुर्चीत बसला. मोठ्या माणसाने सांगितल्याशिवाय लहानाने बसायचं नाही. त्याने सांगितलं नाही. चाळीस मिनिटं उभ्याने कडक बोललो. तो म्हणाला, पोरा, गाड्या चालवणार कोण, तू? शाळेत असताना गाढवावरून पडला होतास. आदेशाची घडी करून खिशात घातली आणि गेला. म्हणजे स्वीकारला.

२१ मे
सहा सैनिक घेऊन त्याच्या घरावर छापा. त्याने दारातच मिठी मारली, त्यामुळे आम्ही पाहुणे झालो. टेबलाच्या टोकाला त्याचे नव्वदीचे चुलते. ते उठेपर्यंत कामाचं बोलायचं नाही, उठायचंही नाही. पहिला पेला देवाच्या नावाने, दुसरा वास्तिर्जीच्या. पुढचे मोजले नाहीत. सैनिकांना अंगणात बसवलं. त्या टेबलावर वयाने मीच लहान, म्हणून पेले भरायचं काम माझ्याकडे. परतताना सैनिक दोनच. चौघे त्याचे भाचे निघाले, राहिले. तरी गाड्यांची पाहणी झाली. एकीत कोंबडी अंड्यांवर बसली आहे. अशा वेळी गाडी हलवणं बरं नाही.

३० मे
अध्यक्षांनी फोन आपटला. झारेमा म्हणाली, तुम्ही मंत्री आहात की त्याचे वाढपी? बायकोला सैन्यातलं काय कळणार. नवा निश्चय: तोत्राजला माझ्या घरी जेवायला बोलवायचं, अध्यक्षांसमोर. त्यांच्यापुढे नाही म्हणणार नाही.

५ जून
जेवण झालं. चूक माझी नाही, माझ्या श्रद्धेची. झारेमाने चीज भरलेल्या तीन पोळ्या केल्या होत्या. दारातले पहारेकरी सकाळपासून उपाशी. देवाचं नाव घेऊन एक त्यांना दिली. टेबलावर दोनच आल्या. तीन पोळ्या शुभाच्या, दोन मयताच्या. आमच्याकडे रांगतं मूलही हे जाणतं. तोत्राजने टोपी काढली. सगळे उभे राहिले. अध्यक्षांनी हळूच विचारलं, कोण गेलं? तोत्राज माझ्याकडे बघत म्हणाला, संरक्षणमंत्री. देव त्याच्या आत्म्याला शांती देवो.
कोणी हसलं नाही. अध्यक्ष आमेन म्हणाले.

७ जून, दुपारी
तिन्ही गाड्या मंत्रालयाच्या आवारात आल्या. मुदतीच्या दोन दिवस आधी. माझ्या आदेशाला अखेर मान मिळाला. पहिल्या गाडीवर तोत्राज उभा होता आणि फाटकावरचे शिपाई त्याला मंत्रीसाहेब म्हणत होते.
रात्रभर प्रार्थना करून ठरवलं होतंच. आज स्वखुशीने राजीनामा दिला. अध्यक्षांच्या सचिवबाई म्हणाल्या, तारीख परवाची, पाच जूनची घाला, तोत्राजसाहेबांच्या नेमणुकीचा कागद त्याच दिवशी निघालाय.
घातली.