'हळू'ची जागा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

शाल्मली ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. कारखान्यातल्या प्रेसचा प्रोग्राम माझ्या या नातीकडे आला आहे — पत्रा दाबणारं ते धूड. त्याला तीनच आज्ञा कळतात: उघड, दाब, थांब. आता चौथी शिकवायची, 'हळू' — म्हणजे सावकाश दाब. "आप्पा, ही कुठं घालू?" असं मला विचारावं तिनं! मी बोटांवर मात्रा मोजल्या. उघड, दाब, हळू, थांब. तीन-तीन मात्रांचे चार तुकडे, आणि ओळ 'थांब'वर विसावते. वर्गात पोरं बाकावर ताल धरून म्हणायची, तशी म्हणून दाखवली. हसली. तशीच घातली.

सोमवार, १७

परशराम दूध घालायला आला. शेजारचा, माझा जुना विद्यार्थी. दुपारपाळीला त्याच प्रेसवर असतो. म्हणाला, "गुरुजी, शनवारी नवा प्रोग्राम घातल्यापास्नं मशीन येडं झालंय. थांबचं बटण दाबलं तरी वरचा ठोकळा खाली येतोय. लई सावकाश, मांजरागत. पत्रा काढाय हात आत असतोय की वो."

सुहासला — माझ्या मुलाला, तिथल्या मॅनेजरला — त्यानं सांगितलंही. तर सुहास म्हणाला, "बटण नीट दाब रं. अंगठ्यानं पेन्शन घेतली काय तुझ्या?"

दूध तसंच राहिलं ओट्यावर.

मंगळवार, १८

शाल्मलीला सापडलं. बटणाच्या खोक्यात एक जुना प्रोग्राम आहे, फार पूर्वी कंपाइल करून बसवलेला. त्याला नावं ठाऊक नाहीत. कंपायलर म्हणे आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवतो, तेव्हा नावं गळून पडतात. आज्ञांची एक यादी उरते. यादीतल्या प्रत्येक जागी त्या त्या कामाचा पत्ता. खोक्यानं 'थांब' म्हणून जपलाय तो नुसता आकडा. पत्ते सगळे सम असतात, म्हणून आकडा विषम असला की तो पत्ता नव्हे, यादीतली जागा समजायची, ही त्यांची खूण.

खोक्यातल्या आकड्याचा अर्थ निघाला: तिसरी जागा. तिथं आता 'हळू' बसलंय.

म्हणजे थांब म्हटलं की प्रेस हळू दाबते. लाल दिवा नाही, तक्रार नाही. हुकूम पाळते, बस. लॅपटॉपवर तपासताना सगळंच नव्यानं कंपाइल झालेलं, म्हणून तिथं बरोबर चाललं.

वर्षाच्या मध्ये आलेलं पोर हजेरीत तळाला घालायचं, मध्ये घुसवलं तर खालच्या सगळ्यांचे नंबर हलतात — ही रीत जन्मभर पाळली मी. मात्रा मोजताना आठवली नाही.

बुधवार, १९

तिनं 'हळू' तळाला नेलं. आता 'थांब' आपल्या जागी. पण ते बसवायला प्रेस अर्धा दिवस बंद ठेवावी लागते. जेवताना सुहास म्हणाला, "रविवारी बघू. माल अडकलाय."

"बाबा, हात जाईल कुणाचा तरी."

"अगं, मी बावीस वर्षं ती बटणं दाबतोय. तू यादी सांगतेस मला?"

ती ताटावरून उठली. मी परशरामकडे गेलो. कामावर जाऊ नको म्हटलं.

"न जाऊन भागतंय व्हय, गुरुजी? पर आमी समद्यांनी ठरिवलंय. त्या मशीनीत कोन हात घालनार न्हाय."

बरं वाटलं.

गुरुवार, २०

दुपारपाळी सुरू झाली असेल. उसाच्या गाड्या चालल्यात रस्त्यानं, त्यांच्या आवाजात फोन वाजला तरी ऐकू यायचा नाही, म्हणून हातातच धरून बसलोय. शाल्मली उचलत नाही. सुहासही नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी

परशराम दारात. त्याचे दोन्ही हात धड आहेत — आधी तेच पाहिलं मी. म्हणाला, "आमी कोन म्होरं हुईना, गुरुजी. मग सुहाससाहेबांनी थांब दाबलं आन् सोताच आत हात घातला. बटण चालतंय, बगा, म्हनाले."