समुद्रघोड्यांसाठी स्थळं

१४ जून, शनिवार. कॅरी, नॉर्थ कॅरोलिना.
प्रीता टाकीसकट आली. पंचेचाळीस गॅलन खारं पाणी आणि त्यात दोन समुद्रघोडे. एकाचं नाव वॅफल, दुसरीचं मेपल. माझ्या मुलीने जनावरांना न्याहारीची नावं का द्यावीत, हे मी विचारलं नाही. (विचारलं. उत्तर मिळालं नाही.)
तिची अटलांटाची लीज संपली. आता सहा आठवडे डोंगरात म्युझिक कॅम्पला शिकवणार, ऑगस्टपासून डरमच्या शाळेत ऑर्केस्ट्राची टीचर. डरम इथून पंचवीस मिनिटं. आमची वरची खोली रिकामी. तिने इथेच राहावं. हे तिला बोललो नाही, कारण मी काही सुचवलं की ती बरोब्बर उलटं करते. टाकी या घरात रुळली की तीही रुळेल, असा प्लॅन आहे. बायकोला, म्हणजे सुनेत्रालासुद्धा सांगितलेला नाही.

१५ जून, रविवार.
फादर्स डे. प्रीता सकाळी नऊला कॅम्पला गेली. गिफ्ट नाही, पण टाकीलाच गिफ्ट धरायला हरकत नाही.
झाकणावर चिठ्ठी चिकटवून गेली आहे. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, फ्रीझरमधली बारीक कोळंबी विरघळवून द्यायची. काही अडलं तर फोन करायचा. शेवटची ओळ दोनदा अधोरेखित: टाकीत दुसरं काहीही घालायचं नाही. मी काय दुधखुळा आहे?

१८ जून, बुधवार. स. ११. (मीटिंग चालू, कॅमेरा बंद.)
तीन दिवस निरीक्षण केलं. दोघं शेपटीने प्लॅस्टिकचं गवत धरतात आणि उभे राहतात. दिवसभर. कोळंबी समोर आली तरी आधी तिच्याकडे मिनिटभर बघतात, मग खायचं की नाही ते ठरवतात. याला काय जगणं म्हणतात? यांना संगत हवी. प्रीताचीही तीच गत. चार वर्षं अटलांटात एकटी राहिली, आता बघावं तेव्हा गप्प.
आणि संगत जुळवण्यात या नॉर्थ कॅरोलिनात माझा हात धरणारा कोणी नाही. इथल्या मराठी मंडळाच्या वधूवर कमिटीचा सात वर्षं अध्यक्ष आहे. अकरा लग्नं जुळवली, नऊ टिकली.

१९ जून, गुरुवार.
ऑफिसला सुट्टी. एक्सेल शीट तयार केली. पद्धतशीर छत्तीस गुण: रंगरूप, स्वभाव, तब्येत, घराणं (म्हणजे कुठल्या समुद्रातलं), जुळवून घेण्याची तयारी, चटपटीतपणा. चटपटीतपणाला सगळ्यात जास्त, आठ. घरात आधीच दोन ऐदी आहेत, तिसरा नको. अठराच्या वर गेला तर पुढची बोलणी.
सुनेत्राने शीट पाहिली. म्हणाली, यात घोड्यांचा रकाना कुठे आहे? त्यांना काय हवं ते कुठे लिहिलंय? म्हटलं, ते घरचेच आहेत, त्यांना काय विचारायचं.

२१ जून, शनिवार.
माशांच्या दुकानात गेलो. काउंटरवर पांढऱ्या केसांची बाई. चाळीस वर्षं मासे विकते म्हणे. समुद्रघोड्यांसोबत काय ठेवावं, असं विचारलं. म्हणाली, गोगलगायी. मी हसलो. ती हसली नाही. फार तर एखादा शांत गोबी मासा, म्हणाली, आणि तोही आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवून. मी क्लाउनफिश मागितले तर सरळ नाही म्हणाली. त्यांना पाणी गरम लागतं, यांना गार, आणि ते यांना जेवू देणार नाहीत. एकवीस वर्षांत अमेरिकेत पहिल्यांदाच कोणीतरी मला वस्तू विकायला नकार दिला.
दुसऱ्या दुकानात पाच मिनिटांत काम झालं. नारंगी क्लाउनफिशची जोडी (एकतीस गुण) आणि एक हिरवा खेकडा (बावीस. रंगरूपात मार खातो, पण साफसफाई करतो).

२२ जून, रविवार.
क्लाउनफिश तासाभरात सगळी टाकी फिरून आले. याला म्हणतात स्थळ. घर कसं भरल्यासारखं वाटतंय. प्रीताला कळवलं नाही. सरप्राइझ.
सुनेत्राने चिठ्ठीकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, ती चिठ्ठी सामान्य माणसांसाठी आहे.

२६ जून, गुरुवार.
एक बारीकशी अडचण. कोळंबी टाकली की क्लाउनफिश चाळीस सेकंदांत फस्त करतात. वॅफल तेव्हा पहिल्या तुकड्याचा विचारच करत असतो. पंगतीत अशी लाजाळू माणसं असतातच, त्यांना आग्रह करून वाढावं लागतं. आजपासून कोळंबी तिप्पट.

३० जून, सोमवार.
पाणी ताकासारखं झालंय. सुनेत्रा म्हणते वास येतो. मला येत नाही. (सर्दी आहे.)
क्लाउनफिश गारठल्यासारखे एका कोपऱ्यात बसतात, म्हणून हीटर ७३ फॅरनहाइटवरून ७७ वर नेला. एकत्र राहायचं म्हणजे तडजोड आलीच. घोड्यांची काही तक्रार नाही.

४ जुलै, शुक्रवार.
मंडळाची पिकनिक. टाकीचा फोटो सगळ्यांना दाखवला. कमिटीचा सेक्रेटरी जगन्नाथ नागपूरकडचा, त्यामुळे तोंडावर बोलतो. त्याने फोटो मोठा करून विचारलं, घोडे कुठे आहेत यार? म्हटलं, मागे आहेत.
मग त्यानेच बातमी दिली की हिमानी आणि देवांग वेगळे झाले. म्हणजे अकरापैकी आठ. देवांगचे बत्तीस गुण होते. आता माणसंच बदलली तर शीट काय करणार?

५ जुलै, शनिवार.
सुनेत्रा ड्रॉपरने घोड्यांना भरवायला लागली आहे. एका हाताने क्लाउनफिश अडवते, दुसऱ्या हाताने एकेक कोळंबी मेपलच्या तोंडापुढे धरते. वीस मिनिटं, एक अक्षर न बोलता. सगळं माझ्या देखरेखीखाली. मी वॅफलला जरा उत्साह देत होतो, तर मला म्हणाली, अहो, तुम्ही लांब उभे राहा.

८ जुलै, मंगळवार. संध्या. ७.
खेकड्याने मेपलची शेपटी पकडली. सोडवली, पण पांढरा चट्टा पडलाय. वॅफलने खाणं सोडलं. पोट आत गेलंय त्याचं.
प्रीताचा व्हिडिओ कॉल आला. मी फोन असा धरला की मागे फक्त कॅलेंडर दिसावं. मस्त आहेत म्हटलं, एकदम मजेत.
खरं सांगायचं तर मला भीती वाटते आहे. हे दोघं मेले तर ती या घरात पाऊल ठेवणार नाही. खोलीचं मग काय करायचं? उद्या सांगीन तिला, नीट शब्दांत.
संध्या. ७:२०. सुनेत्राने परत फोन लावून तिला सगळं सांगितलं. चार वाक्यांत.

९ जुलै, बुधवार.
प्रीता चार तास ड्राइव्ह करून दुपारी आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला त्याला उत्तर देता येतं. घोड्यांना छोट्या टाकीत गार पाण्यात ठेवलं, औषध घातलं, हीटरची वायर काढून माझ्या हातात दिली.
मग ओट्याशी उभी राहून इंग्रजीत, हळू आवाजात बोलली. म्हणणं असं की तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. आणि असं की लहानपणापासून मी तिला एक वाक्य पूर्ण करू दिलेलं नाही, अर्धं झालं की पुढचं मीच बोलून टाकतो. मी म्हटलं, त्याने वेळ वाचतो. ती पुढे काहीतरी म्हणत होती, तेवढ्यात ते मीच म्हटलं.
ती गेल्यावर सुनेत्रा म्हणाली, जन्मभर आपलंच घोडं पुढे दामटलंत, निदान तिची तरी सोडायची होती.  जेवण गेलं नाही. शीट मात्र चुकीची नव्हती.

२० जुलै, रविवार.
मेपलचा चट्टा भरत आलाय. वॅफलने काल दोन कोळंब्या खाल्ल्या, आज सात. सुनेत्रा भरवते. मला सहा फुटांवर खुर्ची दिली आहे. क्लाउनफिश आणि खेकडा पांढऱ्या केसांच्या बाईला नेऊन दिले. तिने ठेवून घेतले. 
शीट पुन्हा उघडली. चटपटीतपणाच्या आठ गुणांमागे वजाचं चिन्ह टाकलं तर सगळी बेरीज उलटी फिरते. पहिला नंबर गोगलगायीचा लागतो. म्हणजे फॉर्म्युल्यात चूक होती. माणसात नव्हती.

२६ जुलै, शनिवार.
कॅम्प संपला. वरच्या खोलीत नवी चादर घातली, तिचं जुनं म्युझिक स्टँड गॅरेजमधून काढून पुसून ठेवलं.
प्रीता भाड्याची व्हॅन घेऊन आली. डरममध्ये वन बेडरूम घेतलंय. लीज मेमध्येच साइन केली होती. म्हणजे टाकी माझ्याकडे यायच्या आधीच. मी म्हटलं, वरची खोली आहे ना. म्हणाली, माहीत आहे बाबा. तिला जरा शांत जागा हवी आहे. मी शांत राहीन म्हटलं. त्यावर दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.
निघताना एक चावी सुनेत्राला दिली. मला म्हणाली, येण्याआधी टेक्स्ट करा. मी म्हटलं, मी बाप आहे तुझा. ती म्हणाली, म्हणूनच.
घोडे गेले. घरात फिल्टरचा आवाज येत नाही, त्याने उलट डोकं दुखतं.

२ ऑगस्ट, शनिवार.
ठरलं. टेक्स्ट करणार नाही. पोटच्या मुलीकडे जायला अपॉइंटमेंट घेणारा बाप मी नव्हे. तिला गरज वाटली तर ती बोलावेल.
सुनेत्रा आज तिकडे जेवायला गेली. मी फ्रिजमधलं खाल्लं.

६ ऑगस्ट, बुधवार.
टेक्स्ट केला. फक्त जातो का ते बघायला. लिहिलं, येऊ का?
तीन तासांनी उत्तर: रविवारी अकरा. एक तास. जिवंत काही आणू नका.

१० ऑगस्ट, रविवार. स. १०:१२.
तिच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोचलो. ट्रॅफिक नव्हता. सुनेत्राला चल म्हटलं, तर म्हणाली, आज तुम्हीच जा. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत टाकीचा निळा दिवा इथून दिसतोय.
पोचलो असा टेक्स्ट टाइप केला. पुसला.
१०:२०. काय काय बोलायचं त्याची यादी आणली होती, सोळा मुद्दे. गाडी गरम होतेय, एसी लावला. यादी डॅशबोर्डच्या खणात ठेवली.
१०:३५. प्रीता खिडकीत आली. गाडी ओळखली असणार. हात केला नाही, पण पडदाही ओढला नाही. मी सीटवर जरा खाली सरकलो. तिने अकरा सांगितलंय. अजून पंचवीस मिनिटं आहेत. मला काही घाई नाही.