वैशाखात स्वेटर

१२ एप्रिल १९८७, रविवार
संकल्प केला. यंदा सत्यशीलाला चिखलदऱ्याला नेणार म्हणजे नेणार. एका दिवसात. सकाळी निघायचं, दुपारी तिथं थंडी वाजवून घ्यायची, रात्री नागभीडला परत.

एका दिवसात अशासाठी की मला सुटी घेता येत नाही. मी नोकरी करतो त्या सरकारी शेती फार्मवर तापमापकाची पांढरी पेटी आहे. ती रोज सकाळी आणि दुपारी मीच उघडतो, मीच आकडा लिहितो. मी नसलो तर त्या दिवशी नागभीडला तापमानच नाही. साहेबांना याची किंमत नाही.

लग्न झालं त्या वर्षी सत्यशीला म्हणाली होती की वैशाखात स्वेटर घालायचा आहे. कमळा नावाची तिची मैत्रीण मे महिन्यात चिखलदऱ्याला जाऊन कुडकुडून आली होती. मी म्हणालो होतो, पुढच्या वर्षी. त्याला आता नऊ वर्षं झाली. उशीर नाही म्हणता येणार. तयारी चालू होती.

सत्यशीला सध्या सिंदेवाहीला माहेरी आहे. हवापालट. होळीच्या आधी थोडा ताप आला होता, तिचा भाऊ गुलाब येऊन घेऊन गेला. मी तेव्हा ड्यूटीवर होतो. जाताना घराची एक चावी सोबत नेली. ज्याला परत यायचं नसतं तो चावी नेत नाही. साधं लॉजिक आहे.

१५ एप्रिल, बुधवार
काल जयंती झाली. सत्यशीला आली नाही. मिरवणुकीत लोक विचारत होते, वहिनी कुठी? मी सांगितलं, चिखलदऱ्याच्या तयारीत आहे. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. चांगलं वाटलं.
शेजारच्या अंजनाबाईंनी खीर आणून दिली. वाटी अजून ठेवली तिथंच आहे.

१९ एप्रिल, रविवार
लाल स्वेटर घेतला. दुकानदारानं सगळ्यात वरच्या फळीवरून काढला, डांबराच्या गोळीचा वास येत होता. म्हणाला, भाऊ, त्रेचाळीस डिग्रीमधी काऊन स्वेटर घेता? हसला. मी हसलो नाही. दूरदृष्टी सगळ्यांना नसते. माझा लग्नातला राखाडी स्वेटर आहेच.
माप अंदाजे घेतलं. आजारपणात ती किती बारीक झाली ते माहीत नाही.

२२ एप्रिल, बुधवार
४३.८. काही नाही.

२६ एप्रिल, रविवार
सकाळचा आकडा लिहून छोट्या गाडीनं, म्हणजे नॅरोगेजनं, सिंदेवाहीला गेलो. सत्यशीला बाहेर आली नाही. आत वाळवणाच्या सांडया घालत होती म्हणे. सांडयांचं काम मध्येच सोडता येत नाही, मला माहीत आहे.

गुलाब ओट्यावर बसला. पाणी दिलं. मग म्हणाला, भाऊजी, वावरातला ताप दिवसातून दोनदा मोजून राह्यले तुमी. बाई आठ दिस तापानं फणफणली, तिच्या आंगाले हात लावून पायला काय एकडाव?
मी त्याला शांतपणे समजावलं की माणसाचा ताप मोजायचं थर्मामीटर वेगळं असतं, ते ऑफिसकडून मिळत नाही. त्यानं माझ्या हातातला पेला काढून घेतला. पटलं असावं.

चिखलदऱ्याचा प्लॅन सांगितला. दारामागे पावलं वाजली, म्हणजे ती ऐकत होती. दुपारच्या आकड्यासाठी लगेच परत यायला लागलं.

२९ एप्रिल, बुधवार
तारीख ठरली. १३ मे, बुद्ध पौर्णिमा. ऑफिसला सुटी, आणि पेटी उघडायला शिपाई इस्तारीला तयार करीन. त्याला तेवढं जमेल.

एसटी स्टँडवर चौकशी केली. नागभीड, नागपूर, अमरावती, परतवाडा, चिखलदरा. सगळ्या गाड्या वेळेवर मिळाल्या तर आपण रात्री तिथं पोचतो. म्हणजे थंडी चांगलीच वाजेल, पण एका दिवसाचा हिशेब थोडा बिघडतो. खिडकीतल्या माणसानं विचारलं, वापस कधी येता? मी म्हणालो, त्याच दिवशी. त्यानं खिडकी बंद केली. जेवायची वेळ झाली असेल.
जीप करावी लागेल.

१ मे, शुक्रवार
जीप नाही. ड्रायव्हर देवाजीला विचारलं, तो माझ्या ओळखीचा आहे. म्हणाला, हरिदासभाऊ, आता अख्खा मुलूख तेंदूपत्त्यात हाय. गाडी तं सोडा, टायर मोकळा नाई. अंजनाबाईसुद्धा पहाटेपासून जंगलात पानं तोडायला जातात. चांगल्या कामाच्या वेळी लोकांना नेमकी पानं सुचतात.

३ मे, रविवार
गुलाब आला होता. उभ्याउभ्याच बोलला. त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवतो, महत्त्वाचे आहेत. बाई म्हनते, पुनवेले सकाळच्या गाडीनं येईन. पण घरी येईन. घरून निघू. रस्त्यावर उभी राहून वाट नाई पाहणार कोणाची. आन् गमलं-करमलं तं राहीनबी.
मी म्हणालो, ठीक आहे.
तो गेल्यावर बराच वेळ पंख्याखाली बसलो. आनंद व्हायला पाहिजे होता. उकाड्यामुळे कळत नाही.

५ मे, मंगळवार
ब्रेन वेव्ह! चिखलदरा कशाला? तळोधीकडचा सातबहिणीचा डोंगर आहेच. उंची ही उंचीच असते. सायन्सनं पाहिलं तर डोंगरावर पारा दोन अंश उतरतो. वर झाडं आहेत, त्याचे तीन धरले. वाऱ्याचे तीन. मन प्रसन्न असलं की उकाडा कमी वाटतो, त्याचे दोन. झाले दहा. आमच्या साहेबांना हे सुचलं नसतं.
सत्यशीलाला आधी सांगत नाही. तिथं पोचल्यावर सांगीन. ती समजून घेईल.

६ मे, बुधवार
४४.६. भात लावला होता, करपला. खाल्ला.

८ मे, शुक्रवार
देवाजी पुन्हा भेटला. पौर्णिमेला पहाटे त्याचा तेंदूपत्त्याचा रिकामा ट्रक तळोधी फाट्यावरून डोंगराच्या बाजूनं जाणार आहे. नागभीडात शिरणार नाही. म्हणाला, फाट्यावर या, दोघाले सोडतो, संध्याकाळी आणतो. वैनीले केबिनमधी बसवू.
गाडी पक्की! तेवढं सत्यशीलाला कळवायचं की घरी न येता तळोधीलाच उतर. छोटी गाडी तिथं थांबतेच. उद्या निरोप देतो.

९ मे, शनिवार
निरोप द्यायला स्टेशनवर निघालो होतो. सिंदेवाहीचा कोणीतरी भेटला असता. ऊन फार होतं. अंगणाच्या फाटकातूनच परत आलो.

१० मे, रविवार
घर दिवसभर बंद राहणार, म्हणून नवीन कुलूप आणलं. भक्कम आहे. जुनं ढिलं झालं होतं, इस्तारीला देऊन टाकलं. त्याला त्याच्या कोंबड्यांच्या खुराड्याला पाहिजे होतं.
निरोप उद्या.

१२ मे, मंगळवार
निरोप राहिला. पण विचार केला, नऊ वर्षांचा संसार आहे. माझ्या मनातलं तिला न सांगता कळतं. मला तिच्या मनातलं कळतं तसंच. तिनं घरून निघू म्हटलं ते सहज बोलण्यात आलं असेल. तळोधीला गाडी थांबली की खिडकीतून पाहीलच, मी फाट्यावर उभा दिसेन.
फाटा स्टेशनावरून दिसत नाही हे खरं आहे.

इस्तारीला पेटी समजावली. त्यानं पेटीकडे पाहिलंच नाही. म्हणाला, भाऊ, काऊन फिकर करता? काल होता तेवढाच उद्याबी रायते. विचार केला तर बरोबर आहे. मे महिना मी पाठ केलेला आहे. म्हणालो, बरं, ४२.६ लिहून टाक.
दोन्ही स्वेटर पिशवीत भरले. अंजनाबाई उद्या घरीच आहेत, पौर्णिमेला त्या जंगलात जात नाहीत. त्यांना सांगून ठेवावं असं एकदा मनात आलं. पण सरप्राइज राहत नाही.

१३ मे, बुद्ध पौर्णिमा
पहाटे निघालो. नवीन कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं.

फाट्यावर ट्रक उभा होता. देवाजीनं विचारलं, वैनी? मी म्हणालो, येतेच आहे. छोटी गाडी आली, झाडांमागून शिट्टी ऐकली. थोडा वेळ थांबली आणि नागभीडकडे गेली. वेळेवर होती. फाट्यावर कोणी आलं नाही. देवाजी म्हणाला, भाऊ, घरी गेल्या असतील, वापस जाऊन पाहा. मी म्हणालो, ती दुसऱ्या कोणत्या गाडीनं डोंगरावर पुढे गेली असेल. मग त्यानं ट्रक चालू केला.

डोंगरावर ती नव्हती. वर चढताना धाप लागली. झाडांची पानं गळून गेली होती, दगडाला हात लावला तर भाजला. दहा अंशांपैकी एकही सापडला नाही. एक म्हातारा दर्शनाला आला होता. पिशवीतून स्वेटर बाहेर आलेले पाहून म्हणाला, इकाले आणले काय? कोण घेईन इथी?

दुपारी नागभीडच्या बाजूला आभाळ काळं झालं. विजा दिसत होत्या. खालच्या लोकांची दया आली. आम्ही वर सुरक्षित होतो. आम्ही म्हणजे मी.
पिशवी मांडीवर घेऊन बसलो. एकदा वाटलं उठावं, फाट्यापर्यंत चालत जावं. पण संध्याकाळी ट्रक येणारच होता.

अंधार पडल्यावर घरी आलो. अंगण ओलं होतं. ओट्यावर कडुनिंबाचा पाला पडला होता. तसाच झोपलो.

१४ मे, गुरुवार
साहेबांनी बोलावलं. म्हणाले, काल नागभीडात गारा पडल्या, दुपारी माझी मुलं पांघरूण घेऊन बसली होती आणि तुम्ही ४२.६ कसं लिहिलं? मी म्हणालो, सर, डोंगरावर तेवढंच होतं. त्यांनी मेमो टाइप करायला सांगितला. मला काही वाटलं नाही.

परत आलो तर अंजनाबाई कुंपणाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, कुठी गेले होते, हरिदासभाऊ? सत्यशीला आली होती.
मी म्हणालो, हो.
म्हणाल्या, हो काय? सकाळच्या गाडीनं आली. पांढरी साडी नेसून, पेटी घेऊन. पेटी, भाऊ. कपड्याची पेटी. कमरेची चाबी काढून कुलपाले लावे, फिरवे, लागेचना. लय वेळ लावत बसली. मग मले विचारे, बाई, कुलूप बदललं काय? मले काय मालूम? मी म्हटलं, चाल माह्या घरी. नाई म्हने, येतील आता. मंग गार आली, भाऊ, लिंबाएवढी. वट्यावर तेवढी जागा, सारी भिजली. थरथर कापून राह्यली होती. मीच चादर देली. दात वाजून राह्यले होते पोरीचे, तरी उठेना. येतील आता, येतील आता.

मी विचारलं, ताप होता का?
अंजनाबाई म्हणाल्या, आता विचारता?

संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. पेटी गुलाबला पाठवून मागवून घेईन म्हणाली होती, मग काय वाटलं कोणास ठाऊक, स्वतःच डोक्यावर घेतली. चावी अंजनाबाईंकडे दिली. माझ्यासाठी निरोप काही? मी विचारलं. अंजनाबाईंना सांगावंसं वाटत नव्हतं. मग म्हणाल्या, इतकंच बोलली, बाई, त्याहीले सांगजा, थंडी पाहून झाली माही.

१५ मे, शुक्रवार
इस्तारीकडून जुनं कुलूप परत आणलं. त्याची एक कोंबडी रात्री गेली म्हणे. दाराला लावलं. अंजनाबाईंकडची चावी लागते.
आज ४३.१. स्वतः पाहून लिहिला.
लाल स्वेटर अंगणात तारेवर वाळत घातला. तो ओला नव्हता.