घडीच्या कागदावर नसलेलं

४ मार्च, सोमवार

सोडली! घडीची नवी आवृत्ती एकदाची बाहेर पडली. बटण दाबताना नेहमीसारखेच डोळे मिटून घेतले. इतकी वर्षं झाली, सवय म्हणून होत नाही मेली.

घडी म्हणजे काय ते मागच्या खेपेला आत्याला समजावताना नाकी नऊ आले होते. "अगं, एका कागदावर लिहायचं, माझा कॉम्प्युटर असा हवा. अक्षरं एवढी मोठी, रंग हा, ही कळ दाबली की ते उघडायचं. घडी तो कागद वाचते आणि मशीन तसं करून देते. उद्या नवं मशीन घेतलं तर कागद दाखवायचा, की झालं, जुनी घडी नव्यावर बसली." आत्या म्हणाली, "बरं, आणि तुला ह्याचं कोण काय देतं?" म्हटलं, शिव्या देतात. खरंच आहे. ऑफिसचं काम वेगळं, हे हौसेचं. ज्याने मुळात लिहिली तो कंटाळून केव्हाच निघून गेला. तेव्हापासून तिची आई, बाप, मोलकरीण, सगळं मीच.

नव्यात मोठा बदल एकच. मशीनवरचा जो खण घडी सांभाळते त्यात जे सापडतं पण कागदावर नसतं, त्याला आम्ही अनाथ म्हणतो. आतापर्यंत घडी प्रत्येक अनाथापाशी थांबायची — हे कागदावर नाही, काढू का? आता विचारणं बंद. स्वतः ठेवलेलं निमूट काढायचं, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही. तक्रारवाले काका (खरं नाव माहीत नाही, वापरणाऱ्यांतले सगळ्यात जुने आणि सगळ्यात खवट) वर्षभर माझ्या डोक्यावर मिऱ्या वाटत होते. "बाई, तुमची घडी सासूपेक्षा जास्त प्रश्न विचारते!"

घ्या काका. बसवली गप्प.

५ मार्च

काकांचा निरोप — "आता कशी शहाणी झाली पोर!" माझ्याबद्दल की घडीबद्दल कोण जाणे. दिवसभर आपली फुशारले.

७ मार्च, गुरुवार

सकाळी ऑफिसात चहाचा कप हातात, आणि एका शिक्षिकेचा निरोप. ओळख ना पाळख. "तुमच्या घडीने माझा अख्खा फोल्डर नेला. धड्यांचे आवाज होते, चित्रं होती. काही विचारलंसुद्धा नाही हो." ते 'हो' वाचून कसंतरीच झालं. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

साहेबांना पोट दुखतंय सांगून कोपऱ्यातली खोली गाठली. घोडं कुठे पेंड खातं ते कळायला वेळ नाही लागला. खणातला एखादा फोल्डर नुसता दरवाजा असतो, आत पाऊल टाकलं की आपण भलत्याच खोलीत. घडी त्या दारातून आत शिरली, आत जे होतं ते सगळं आपलंच समजली, आणि झाडून काढलं. हे मी तपासलंच नव्हतं. इतकं साधं! अक्कल काय गहाण ठेवली होती?

आवृत्ती मागे घेतली. ठळक लिहिलं — वापरू नका. घाईत 'नका' दोनदा चुकलं. शिक्षिकेला कळवलं, मशीन बंद ठेवा, मी आहे. काय 'मी आहे'!

आणि मग जिना उतरताना आठवलं. दादा.

७ मार्च, पुन्हा

लिहिल्याशिवाय बसवत नाही.

दादा माझा थोरला भाऊ. स्नायूंचा आजार. आधी हात गेले, मग पाय, गेल्या वर्षी वाचा. डोळे तेवढे राहिले. मशीनचा कॅमेरा त्याची नजर बघतो, तो नजरेने बटण निवडतो आणि मशीन बोलतं, त्याच्याच आवाजात! वाचा जायच्या आधी दिवसचे दिवस बसून त्याने वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. 'पाणी दे'पासून 'ठमे (म्हणजे मी), तुझं डोकं कुठे चरायला गेलंय'पर्यंत. ढीगभर. खोकला मध्ये आला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

ते सगळं त्याच्या मशीनवर बसवून दिलं मी. घडीनेच. आवाजाचा फोल्डर मात्र कागदावर घातला नाही. तोच नको म्हणाला. "कागदावर घातलंस की तू प्रत ठेवशील, आणि ऐकत बसशील रडूबाईसारखी. माझा आवाज माझ्यापाशी राहू दे." त्यामुळे रोज सकाळी मशीन सुरू झालं की घडी त्याला विचारायची, हे कागदावर नाही, काढू का? तो 'नको'च्या बटणाकडे बघायचा. रोज. त्याची मला गंमतच वाटायची.

म्हणजे घडीच्या लेखी दादाचा आवाज अनाथ. आणि फोल्डर? दरवाजाच! आवाज मावेनात म्हणून दुसऱ्या डिस्कवर टाकले होते. नवी आवृत्ती आली की मशीन ती आपोआप घेतं. ती सोयही माझीच.

दुसरी प्रत नाही. कुठेही नाही.

वहिनीला फोन केला. उचलत नाही. पुन्हा केला. मग तिचा मेसेज — "त्याचं स्पंजिंग चाललंय, उद्या बोलू." फोन पालथा ठेवला. काय लिहिणार? आवाज आहे का बघ?

८ मार्च

फोन झाला. आवाज गेलाय.

वहिनी सहज म्हणाली, "अगं बरं झालं फोन केलास. ते यंत्र बिघडलंय. त्याचा आवाजच येत नाही. ते बाईचं यांत्रिक बोलणं येतं, नाही तर काहीच नाही." भिंतीला टेकून खाली बसले. तिला कळू नये म्हणून मुद्दाम खोकले.

म्हटलं, "वहिनी, मशीन बंद कर. लगेच. मी येईपर्यंत लावू नकोस." काढलेल्या फाइल्स डिस्कवर काही काळ तशाच पडून असतात, वर दुसरं काही लिहिलं गेलं की गेल्या. मशीन चालू राहिलं तर लिहिलं जाणारच.

ती म्हणाली, "अगं, मग तो बोलणार कसा?"

आवाज वाचवायचा तर भावालाच मुका करायचा! शेवटी तीच म्हणाली, "अक्षरांचा तक्ता आहे जुना. काढते." मी बरं म्हटलं.

माझ्यामुळे झालं असेल हे तिला सांगितलं नाही. भित्री आहे मी. लहानपणापासून.

९ मार्च, शनिवार

काकांचा निरोप — "बाई, मीच मागे लागलो होतो. शिव्या घालायच्या तर मला घाला." खवट माणूस, आणि हे! मी ऑफिसातच डोळे पुसले. साहेब म्हणाले, "पोट अजून दुखतंय का?" म्हटलं, हो. रजा टाकली. 

शिक्षिकेचं बरंचसं परत मिळालं. तिने तीन वेळा धन्यवाद लिहिले. मला एकदाही आनंद झाला नाही. दादाची डिस्क जुनी आहे. दादाची डिस्क भरत आली होती. हेच डोक्यात.

१० मार्च

दादाकडे पोचले. खोली तशीच, खिडकीकडे तोंड करून पलंग, बाजूला औषधांचं टेबल, त्यावर पंखा. मशीनवर वहिनीने टॉवेल टाकून ठेवलाय.

दादा माझ्याकडे बघत होता. त्याच्या अंगात तेवढंच हलतं म्हणून की काय, त्याची नजर अंगावर येते. मी खुर्ची ओढली, आणि वहिनीसमोरच सांगून टाकलं. "दादा, माझ्या चुकीमुळे तुझा आवाज गेला. मी आणते परत. मी काहीही करीन." पुढचं रडण्यातच गेलं.

त्याने डोळे मिटले. वहिनी म्हणाली, "दमलाय तो. तू कर तुझं काम."

डिस्क काढून माझ्या मशीनला जोडली. शोधायला लावलं. आधी नुसता कचरा. मग अर्धं वाक्य — 'ठमे, तु—' आणि खरखर. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. वाटलं, एवढंच उरलंय बहुतेक. पण मग येत गेलं. एकामागून एक, लांबलचक रांग. मी सगळी ऐकली नाहीत, मला ऐकवत नाही आणि तो नको म्हणाला होता. पण आहेत! जवळजवळ सगळी आहेत!

स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला मिठी मारली. ती बिचारी हातात कणीक घेऊन उभी.

११ मार्च, सोमवार

काहीतरी विचित्र आहे.

आवाज परत बसवण्याआधी म्हटलं, दादाच्या मशीनवरची घडी बघून घ्यावी. जुनीच आहे! नवी आवृत्ती इथे आलेलीच नाही. वहिनीला विचारलं तर म्हणते, "इंटरनेट कधीचं बंद आहे, त्या डबीचा दिवाच लागत नाही. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो."

म्हणजे माझी चूक इथवर पोचलीच नाही. मी नाही केलं! पहिल्यांदा इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. नीच बाई. मग डोकं चालायला लागलं. जुनी घडी विचारल्याशिवाय काही काढत नाही; 'काढ' म्हटलं तरच दारामागचंही सगळं साफ करते.

वहिनीला जरा तोडूनच म्हटलं, "पुसताना हात लागला असेल तुझा." ती भडकली. "त्या यंत्राला मी फडकंसुद्धा लावत नाही, टॉवेल टाकते फक्त! वर्षभर सगळं मी करते, आणि आल्या आल्या माझ्यावरच?" बरोबर आहे तिचं. मी सॉरी म्हटलं, तिने चहा दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आणि तसंही पुसताना होणार नाही ते. 'नको'ला एक नजर पुरते. पण 'काढ' म्हणायचं तर अक्षर अक्षर निवडून लिहावं लागतं, चुकून होऊ नये म्हणून ती अट मीच घातली होती. ओझरती नजर पडून होत नाही, धक्का लागून होत नाही. कोणीतरी बसून लिहायला लागतं.

त्या मशीनवर लिहिणारं ह्या घरात एकच माणूस आहे.

दुपारी त्याला सांगितलं, "दादा, मिळालं बरं का सगळं. उद्या बसवते." त्याने पापणी हलवली नाही. नुसता बघत राहिला. मला त्याच्या खोलीत जायची भीती वाटतेय. स्वतःच्या भावाची भीती!

१२ मार्च

आज सकाळी दादाने तक्त्याकडे बघून खुणावलं. वहिनी एकेका अक्षरावर बोट ठेवत गेली, तो पापणी मिटेल तिथे थांबत गेली, मी लिहून घेत गेले. मध्येच वहिनीने तोंड फिरवलं तेव्हा तक्ता मी धरला.

"मीच काढलं. परत लावू नको. तो हसरा आवाज ऐकून सगळे खूश होऊन घरी जातात. मला खूप भीती वाटते ठमे. जाऊ नको."