तिसरी रांग, अकरावा दगड

प्रिय अम्मा,

अस्सलामु अलैकुम.

तुमच्या नातीच्या, शाहीनच्या, लग्नाला काय काय आलं ते आधी लिहिते. गावाहून तांदळाची पिठी चार किलो आणि आमसुलं, येणाऱ्या माणसाच्या हाती, फुकट. जिद्दाहून निकाहाच्या कपड्यांचा जोडा, नऊशे रियाल. घासाघीस करून सातशेला आणला. आणि नवऱ्या मुलाकडून मोगऱ्याचे गजरे, दीडशे रियालचे. ही किंमत मी विचारली नव्हती, विहीणबाईंनी आपण होऊन सांगितली!

लग्न काल झालं. आठ दिवसांनी आम्ही दोघं राबिघ सोडून कायमचे गावी चाललो, म्हणून आजच लिहायला बसले. ह्यांच्या स्टोअरकीपरच्या जागेवर सौदी माणूसच ठेवायचा असा आता नियम आहे. ह्यांनी चाव्या आणि रजिस्टरं नव्या मुलाला समजावून दिली. तो ह्यांना चाचा म्हणतो. राग नाही हो, अम्मा. इथला दाणापाणी एवढाच होता. एकोणीस वर्षं अल्लाने पोटभर दिलं.

जीव अडकला होता तो तुमच्यापाशी. मक्केला उमऱ्याला म्हणून आलात आणि इथेच राहिलात! तुमचं परतीचं तिकीट अजून माझ्या वहीत आहे. इथल्या कबरींवर नाव लिहीत नाहीत, आम्हा बायकांना आत जाता येत नाही. ह्यांनी मोजून सांगितलं होतं: दारातून डावीकडे, तिसरी रांग, अकरावा दगड. आम्ही गेल्यावर तिथे सलाम कोण करणार? शाहीन सासरी इथेच आहे, पण ती पडली बाई. आणि जावयाला पहिल्याच दिवशी कसं सांगायचं, की बाबा, आमची एक कबर सांभाळ?

तुमची ती गोष्ट आठवते? विलायतेच्या राजाच्या मुलाचं लग्न! तुमचे बाबा बोटीवर भट्टीत कोळसा घालणारे आगवाले होते, बोट तेव्हा लंडनच्या बंदरात उभी होती. नवरी चर्चमध्ये शिरली ती थेट एका सैनिकाच्या कबरीपाशी थांबली. त्या कबरीवर नाव नव्हतं, कुणाचा मुलगा कुणाला ठाऊक नाही. तिचा स्वतःचा भाऊ लढाईत गेलेला. हातातली सगळी फुलं तिने तिथे ठेवली आणि रिकाम्या हाताने लग्नाला उभी राहिली. बाबांनी त्या दोघांचं चित्र असलेला बिस्किटांचा डबा आणला. मी त्यात जिरं ठेवते. राजपुत्राच्या नाकावर गंज चढलाय, नवरी मात्र अजून हसते आहे.

मी तुमच्या घरी आले ती दोन सुती साड्या आणि कुराण घेऊन. माझे बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. तुमच्या जावा कुजबुजल्या, तेव्हा तुम्ही अंगणातूनच ओरडलात, "राजाचे घरात सून रिकाम्या हातान शिरली! आमचा घर काय त्याच्यापेक्षा मोठा हाय?" मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले. ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. का नाही सांगितलं?

ही गोष्ट शाहीनला तुम्हीच पाजलीत, मग दोष कुणाला देऊ! काल निकाहाला निघताना तिने गाडी कबरस्तानाकडे वळवायला लावली. डोक्यातले गजरे काढून अब्बाच्या हातात दिले. "दादीको देके आओ." मी म्हटलं, "अगं, सासरची फुलं आहेत ती!" ऐकते कुठे?

दारावरच्या म्हाताऱ्या रखवालदाराने ह्यांना अडवलं. "फूल बाहर, दुआ अंदर." हे फातिहा पढून आले, गजरे तसेच हातात. शाहीन ते परत घालेना. "एकदा दादीला दिले ना?" तिने ते रखवालदारालाच देऊन टाकले. त्याने वास घेतला, डोळे मिटले आणि तिला भरभरून दुआ दिली. पोरगी मोकळ्या केसांनी निकाहाला बसली.

निकाहानंतर विहीणबाई बायकांच्या खोलीत आल्या. पहिला प्रश्न, "सूनबाई, माझा मोगरा कुठाय?"

शाहीन म्हणाली, "दादीको दिया."

"दादी तर वारली ना?"

आता सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी राजाच्या लग्नापासून रखवालदारापर्यंत सगळं एका दमात सांगितलं, तुमची रांग आणि दगडसुद्धा. विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता काहीतरी वाईट ऐकावं लागणार. त्या तर हसत होत्या! "अगो बाय, म्हणजे दीडशे रियालात राजाची सून मिळाली मला!" मग दारातून मुलाला हाक. "ऐकलंस काय रे? दर जुम्म्याला नमाज झाली की तिसरी रांग, अकरावा दगड. विसरलास तर त्या दिवशी बिर्याणी नाही."

जावई म्हणाला, "डावीकडे की उजवीकडे?"

अम्मा, एवढ्या तीन शब्दांनी एकोणीस वर्षांनंतर इथून निघणं मला सोपं केलं.

डबा शाहीनला दिला, जिऱ्यासकट. आता माझं वचन लिहून घ्या. गावी पोचले की दर जुम्म्याला तुमच्या नावे कुराणातली यासीन पढेन. आणि शाहीनला मुलं झाली की ती गोष्ट त्यांना मी सांगेन, तुमच्यासारखे घोडे आणि तोफा न वाढवता. बरं, थोड्या वाढवेन.

एकच विनंती. पहिल्या जुम्म्याला जावई डावीकडेच वळला ना, तेवढं उलट टपाली कळवा. स्वप्नात आलात तरी चालेल. त्याला तिकीट लागत नाही.

तुमची, रिकाम्या हाताने आलेली सून,
हलिमा